खुर्ची मिळाली, पण बैठकीचं काय?

आमच्या तालुक्याला वर्षातून एकदा दिव्यांगांना साहित्य वाटायचं शिबिर भरतं. मांडव असतो, व्हीलचेअर ओळीनं लावलेल्या असतात, सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नसतं, नाव पुकारलं की घरचे त्या माणसाला उचलून आणतात, खुर्चीत बसवतात, फोटो होतो आणि तसंच ढकलत टेम्पोपर्यंत नेतात. माझी पहिली व्हीलचेअर मला अशाच एका शिबिरात मिळाली. कुणी दिली ते सांगत बसत नाही, देणाऱ्यांच्या मनात चांगलंच होतं, आणि त्या दिवशी मी खरंच खूश होतो कारण अकरा महिने खाटेवर काढल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या हातानं अंगणात जाता येणार होतं. पण त्या अख्ख्या दिवसात एकाही माणसानं टेप काढून माझी कंबर मोजली नाही. साधी पँट शिवायला टाकली तरी टेलर कंबर, सीट, मांडी, उंची सगळं वहीत लिहून घेतो, चप्पल घेताना आपण दुकानातच दोन पावलं चालून बघतो, आणि ज्या वस्तूत माणूस रोज बारा-चौदा तास बसणार, बहुतेक उरलेलं आयुष्यभर बसणार, ती मात्र एक नग म्हणून हातात येते.

माझा अपघात दुचाकीचा, २०१४ चा. डी-१० ला, म्हणजे छातीमागच्या दहाव्या मणक्याला मार लागला, त्यामुळं साधारण बेंबीच्या खाली मला काही कळत नाही आणि काही हलत नाही. रॉड-स्क्रू टाकून अठराव्या दिवशी घरी सोडलं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, कशी सांभाळायची ते नर्सनं सांगितलं, कुशीवर कसं वळवायचं तेही आईला दाखवलं, पण बसायचं कसं आणि कशावर, हा विषय कुणी काढलाच नाही. खुर्ची मिळाली ती १८ इंची सीटची. माझी कंबर बसल्यावर भरते साडेचौदा इंच. उरलेल्या जागेत आई दोन्ही बाजूंनी टॉवेलच्या गुंडाळ्या खोचायची, संध्याकाळपर्यंत त्या सरकून खाली यायच्या. तोल राहायचा नाही म्हणून मी डावं कोपर आर्मरेस्टवर टेकवून डावीकडं कलून बसायला लागलो आणि तीच सवय झाली. दीड वर्षानं बायकोला चादर धुताना रुपयाएवढा डाग दिसला. जखम वरून खरंच रुपयाएवढीच होती, आत लिंबू मावेल एवढी पोकळी झाली होती. दुखलं नाही. एकदाही नाही. बारीक ताप येत होता आणि पाय आपोआप झटके देऊन जास्त उडत होते, एवढंच. मग फ्लॅपचं ऑपरेशन, म्हणजे शेजारचं मांस-कातडी सरकवून जखम बुजवायचं, सात आठवडे पालथं पडून राहणं, दोन म्हशी आणि बायकोच्या पाटल्या त्यात गेल्या, आणि मुलीच्या पहिलीच्या वर्षातले जवळपास चार महिने मी तिला फक्त मान वळवून बघत होतो.

आपल्याकडं म्हणतात, ज्याचं जळतं त्याला कळतं. मणक्याच्या दुखापतीत नेमकी हीच तार तुटलेली असते, जळत असतं पण ज्याचं जळतंय त्यालाच कळत नाही. तुम्ही एसटीनं कोल्हापूरहून मुंबईला निघालात तर वाटेत शंभर वेळा बूड हलवता, एक मांडी उचलता, जरा पुढं सरकता, आणि यातलं एकही तुमच्या लक्षात राहत नाही, कारण शरीर आतल्या आत कळ पाठवतं आणि तुम्ही हलता. आमच्याकडं कळ येत नाही म्हणून हलणं होत नाही. ढुंगणाच्या खाली दोन हाडं असतात, बसायची हाडं, सगळं वजन तिथं येतं, आणि हाड आणि सीट यांच्यामध्ये जे मांस चिरडतं त्याचा रक्तपुरवठा बंद होतो. त्यात वर्ष-दोन वर्षांत आमच्या मांड्या आणि कुल्ले वाळतात, म्हणजे निसर्गानं दिलेली गादीही जाते. जखम हाडाजवळ सुरू होऊन बाहेर येते, म्हणून कातडीवर लाल डाग दिसतो तोपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असू शकतं.

मला राग कशाचा येतो तर 'पॅरा पेशंट म्हटल्यावर बेडसोर होणारच' या वाक्याचा. पॅरा म्हणजे माझ्यासारखा खालच्या अंगानं लुळा, आणि बेडसोर किंवा प्रेशर सोर म्हणजे हीच दाबानं होणारी जखम. हे मी नातेवाइकांकडून ऐकलंय, आणि वाईट वाटतं पण सांगतो, दवाखान्यातही ऐकलंय. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मणक्याला मार लागलेली बहुतेक माणसं बेडसोर आणि लघवीच्या इन्फेक्शननं मरत होती हे खरंय, पण १९४४ ला इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलला लुडविग गुटमन यांनी वॉर्ड सुरू केला आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, पेशंटची कूस बदलायची शिस्त लावली, आणि जी माणसं मरायची ती जगायला लागली, पुढं त्यातूनच पॅरालिम्पिक उभं राहिलं. नशिबावर सोडून दिलेली गोष्ट शिस्तीनं बदलली, ऐंशी वर्षांपूर्वी. आणि दुसरी बाजूही लक्षात ठेवायची, सिनेमात सुपरमॅनचं काम करणारा आणि पुढं मणक्याला मार लागलेला क्रिस्टोफर रीव्ह, जगातले उत्तम डॉक्टर आणि नर्स ज्याच्या हाताशी होत्या, तो २००४ ला गेला तेव्हा त्याच्यावर चिघळलेल्या प्रेशर सोरचेच उपचार चालू होते. पैसा असूनही ही जखम माणसाला गाठते, मग ज्याच्याकडं पैसा नाही त्याच्या खुर्चीकडं तर किती जास्त लक्ष द्यायला पाहिजे.

आता ती खुर्ची नीट बघा. शिबिरात, हॉस्पिटलच्या लॉबीत, रेल्वे स्टेशनवर सगळीकडं दिसते तीच, दोन पाइपांच्या मध्ये ताणून बसवलेलं रेक्झिनचं कापड, खाली फुलीसारखे दोन पाइप, मधोमध धरून वर ओढलं की घडी होते. ही रचना १९३३ च्या सुमाराची. अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट नावाचा खाणीतल्या अपघातात मणका मोडून पाय लुळे पडलेला इंजिनिअर आणि त्याचा दोस्त हॅरी जेनिंग्ज, दोघांनी मिळून ती बनवली, आणि ती बनवायचं कारण साधं होतं, त्याला खुर्ची मोटारीत घालून न्यायची होती. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती, मी ते अजिबात कमी लेखत नाही. पण घडी व्हायची म्हणून सीट कापडाची ठेवावी लागली, आणि नव्वद वर्षांनीही आपण ज्यांच्याकडं मोटारच नाही अशा माणसांना मोटारीसाठी केलेली ती सीट देतोय.

कापड काही महिन्यांत सैल पडतं आणि त्याची झोळी होते. झोळीत बाळ छान झोपतं कारण झोळी त्याला सगळ्या बाजूंनी आत ओढते. मोठ्या माणसाची कंबर झोळीत बसली की तेच होतं, दोन्ही मांड्या आत वळतात, गुडघे एकमेकांना घासतात, कमरेचं हाड जे वाडग्यासारखं सरळ बसायला पाहिजे ते मागं कलंडतं. मग माणूस माकडहाडावर बसतो, पाठीला कुबड येतं, मान पुढं येते, आणि दर थोड्या वेळानं तो पुढं घसरतो. घरचे काखेत हात घालून वर ओढतात, तो परत घसरतो, आणि त्या प्रत्येक घसरण्यात कातडी जागेवर राहते आणि आतलं हाड सरकतं, म्हणजे नुसता दाब नाही तर आतल्या आत फाटणं. त्यात ज्याची एक बाजू थोडी जास्त लुळी आहे त्याची कंबर एकीकडं झुकते, सगळा भार एकाच हाडावर येतो, आणि पाच-सहा वर्षांत पाठीचा कणा एस अक्षरासारखा होऊन बसतो. लहान वयात मार लागलेल्या मुलांमध्ये तर हे फार पटकन होतं. अशी मुलं मी बघितलीत, ती वाकडी जन्माला आली नव्हती.

या विषयावर बोलायला गेलं की अधिकारी लोक, आणि ते वाईट माणसं नसतात, एक शब्द वापरतात, कम्फर्ट. 'कुशन वगैरे कम्फर्टच्या गोष्टी आहेत, आधी खुर्ची तर मिळू दे.' जणू कुशन म्हणजे गाडीतला एसी. माझं म्हणणं असंय की या आजारात आराम आणि इलाज यांच्यात रेघ मारताच येत नाही. आम्हाला सीट टोचत नाही, मग आमचा आराम कुठं असतो? तो मानेत असतो, खांद्यात असतो, श्वासात असतो, हात मोकळे आहेत की तोल सांभाळण्यात अडकलेत यात असतो. कंबर नीट टेकली की मी दोन्ही हात वापरून भाजी चिरू शकतो, मोबाइल दुरुस्तीचं काम करू शकतो, नाही टेकली तर एक हात कायम टेकू म्हणून जातो आणि मी एका हाताचा माणूस होतो. सीट चुकली की पाय उडायचं प्रमाण वाढतं, रात्री झोप लागत नाही, कमरेखाली जे काहीच कळत नाही तिथं अचानक आगीसारखं काहीतरी पेटतं. ज्यांना डी-६ किंवा त्याच्या वर मार आहे त्यांच्या बाबतीत तर सीटची नुसती सुरकुती, पँटची जाड शिवण, मागच्या खिशातलं पाकीट एवढ्यावरूनही बीपी एकदम वर जाऊ शकतं, डोकं ठणकतं, चेहऱ्यावर घाम फुटतो, आणि वेळेत कारण सापडलं नाही तर जिवावर बेततं. शरीर असं आडवाटेनं ओरडत असतं. त्याला कम्फर्ट म्हणून बाजूला ठेवणं मला पटत नाही, पटणार नाही.

आणि खांदे. हे कुणी बोलतच नाही. आमचे खांदे म्हणजेच आमचे पाय. १८ इंची खुर्चीत बारीक माणूस बसवला की हात फाकवून चाक मारावं लागतं, चाकाचा एक्सल माणसाच्या फार मागं असला की प्रत्येक धक्क्याला दुप्पट जोर, खुर्चीचं वजन अठरा-वीस किलो, गावातली चढाची वाट, दहा वर्षांत खांदा कामातून जातो आणि मग खाटेवरून खुर्चीत जायलाही दुसरा माणूस लागतो. पाय गेले तेव्हा माणसानं रडून घेतलेलं असतं, खांदे जातात तेव्हा तो आतून संपतो, मी ज्यांच्याकडून हे सगळं शिकलो ते आमच्याहून थोरले एक दादा याच वाटेनं गेले. तेच मला पहिल्यांदा म्हणाले होते, टेप घे आणि स्वतःला मोज.

मोजायचं असतं तरी किती? बसलेल्या माणसाच्या कमरेची रुंदी. ढुंगणाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या लवणीपर्यंतची लांबी, त्यातून दोन-तीन बोटं कमी करायची म्हणजे सीटची कड लवणीत रुतत नाही. लवणीपासून टाचेपर्यंत, चप्पल-बूट घालून, म्हणजे फूटरेस्ट कुठं हवा ते कळतं, फूटरेस्ट फार वर असला तर गुडघे वर येऊन सगळा भार मागच्या हाडांवर जातो आणि फार खाली असला तर पाय लोंबतात आणि माणूस घसरतो. आणि पाठ किती उंच पाहिजे ते, ज्याचं धड बरं चालतं त्याचा खवाटा मोकळा राहिला पाहिजे, ज्याचं चालत नाही त्याला जास्त आधार. झालं. टेप वीस रुपयाला मिळतो, वेळ दहा मिनिटं. यात एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते, मापं कुशन धरून घ्यायची असतात. तीन-चार इंची कुशन नंतर आणून ठेवलं की माणूस तेवढा वर उचलला जातो, पाय लोंबकळतात, चाक लांब जातं, आर्मरेस्ट खाली राहतो, आणि मग घरचे म्हणतात कुशनमुळं त्रास होतो, काढून टाक. आमच्या शेजारच्या गावात एका पोराच्या घरी चांगलं कुशन कपाटावर प्लास्टिकमध्ये पडलेलं होतं, फक्त या कारणानं. आम्ही पान्यानं फूटरेस्ट दोन इंच वर घेतला, कुशन परत खाली आलं.

घराचंही माप लागतं. खुर्चीची एकूण रुंदी सीटपेक्षा सात-आठ इंच जास्त भरते, आणि आपल्याकडं संडास-बाथरूमचं दार किती असतं ते प्रत्येकानं आपल्या घरी जाऊन मोजावं. चार इंच उगाच रुंद असलेली खुर्ची दारात अडकते आणि माणूस उंबरठ्यापासून फरशीवर घसटत आत जातो, ज्या कुल्ल्याला काही कळत नाही तो कुल्ला सिमेंटवर घासत. मग जखमेचं खापर त्याच्या स्वच्छतेवर फोडतात.

कुशनच्या बाजारात तर नुसता गोंधळ आहे. मेडिकलमध्ये जाऊन 'बेडसोरसाठी काहीतरी द्या' म्हटलं की पहिल्यांदा हातात येते ती हवेची रिंग, मधे भोक असलेली. मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर चार दिवस बसायला लोक ती वापरतात. मणक्याच्या माणसानं ती वापरू नये, कारण मधला भाग लोंबकळतो आणि रिंगच्या कडेनं गोल दाब पडून रक्त आणखी अडतं. कापसाची गादी महिन्याभरात गोळा होते. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळी आणि वर घोंगडं, हेही मी पाहिलंय, त्यामागची माया कळते पण ते चालत नाही. भारीतली गोष्ट म्हणजे हवेच्या छोट्या छोट्या कप्प्यांची कुशन, ती १९७० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट ग्रेब नावाच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरनं काढली, प्रत्येक कप्पा वेगळा हलतो आणि हाड त्यात बुडतं. ज्याला आधी जखम झालीय त्याच्यासाठी ती फार चांगली आहे, मीही तीच वापरतो. पण सगळ्यांना तीच वाटा असं मी म्हणणार नाही. हवा कमी झाली की हाड तळाला टेकतं आणि आपल्याला कळत नाही, हवा जास्त झाली की फुटबॉलवर बसल्यासारखं, रोज खाली हात घालून हाडाखाली इंच-अर्धा इंच हवा आहे का ते बघावं लागतं, बाभळीचा काटा लागला की पंक्चर, आणि ज्याचा धडाचा तोल कमी आहे तो त्यावर डुगडुगतो. रोज तपासणारं माणूस घरात नसेल तर महागडं कुशनही घात करतं.

विकणारे कधी कधी आकडा दाखवतात, आमच्या कुशनवर दाब ३२ च्या (बीपी मोजतात त्याच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) खाली येतो, म्हणून सुरक्षित. हा ३२ चा आकडा १९३० मध्ये लँडिस नावाच्या शास्त्रज्ञानं निरोगी माणसाच्या नखाजवळच्या केशवाहिन्यांत मोजलेला. माझ्या वाळलेल्या कुल्ल्याला, उन्हाळ्यात, सहा तास बसल्यावर तो लागू पडेलच असं समजणं चूक आहे. त्यापेक्षा जागतिक आरोग्य संघटनेच्या व्हीलचेअरच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात ती हाताची परीक्षा कितीतरी कामाची. कुशनवर बसलेल्या माणसाच्या बसायच्या हाडाखाली आपली बोटं सरकवायची, तळवा वर. बोटांची टोकं अर्धा सेंटिमीटर वरखाली हलवता आली तर ठीक. हलत नाहीत पण हात सहज बाहेर निघतो, तर सावध. हात चेपला जातोय, ओढून काढावा लागतोय, तर ते कुशन त्या माणसाला चालणार नाही. मशीन नको, लाइट नको, आशाताईसुद्धा हे एका दुपारी शिकू शकते.

आणि फोम. गावाकडच्या माणसासाठी माझा सगळ्यात जास्त विश्वास फोमवर आहे, पण आकार दिलेल्या फोमवर. खाली कडक थर, त्यात मागच्या बाजूला बसायच्या हाडांसाठी खळगा, खळग्याच्या पुढं मांडीखाली एक उंचवटा म्हणजे माणूस पुढं घसरत नाही, आणि वर मऊ थर. प्रत्येक तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ रिक्षाच्या आणि दुचाकीच्या सीट शिवणारा असतो, त्याला ३२ डेन्सिटी, ४० डेन्सिटी, रिबॉन्डेड यातला फरक आपल्यापेक्षा जास्त कळतो, फोम कापायची सुरी त्याच्याकडं असते, त्याला फक्त कुणीतरी आकार आणि कारण सांगायला पाहिजे. आमच्याकडच्या एका सीटवाल्याला आम्ही ते समजावलं, त्यानं आत्तापर्यंत अकरा कुशन केलीत. एकच भांडण झालं ते कव्हरवरून, त्याला रेक्झिन ताणून बसवायचं होतं कारण फिनिशिंग चांगलं दिसतं. ताणलं की खळग्यावर परत झोळी तयार होते आणि सगळी मेहनत वाया. शेवटी टी-शर्टचं ताणणारं कापड, आत लघवीपासून वाचवायला पातळ प्लास्टिक सैल ठेवून. फोमही वर्ष-दीड वर्षात बसतो, दाबून सोडला आणि वर आला नाही की बदलायचा. मराठवाड्यात, विदर्भात ४४-४५ डिग्रीला रेक्झिनवर बसणं हा वेगळाच विषय आहे. ज्याला वर मार आहे त्याला खालच्या अंगाला घामच नीट येत नाही म्हणून तो तापतो, आणि ज्याला येतो त्याची कातडी ओली राहून सोलते.

बायकांबद्दल इथंच बोलतो कारण नंतर राहून जाईल. साडीच्या निऱ्या, परकराची गाठ, गाऊनच्या घड्या ढुंगणाखाली जमतात आणि तिथं दाब पडतो, हे मला एका ताईंनी सांगेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांचं माप घ्यायला बाईच पाहिजे, ती शिबिरात नसते, त्या संकोचानं बोलत नाहीत, आणि जखम दाखवायला पुरुषांपेक्षा कितीतरी उशीर करतात.

याच्यावर जो आक्षेप येतो तो मला माहीत आहे आणि तो फालतू नाही. लोक म्हणतात, एका माणसाला मापाची खुर्ची आणि कुशन देण्याच्या पैशात चार साध्या खुर्च्या येतात, चौघं खाटेवरून उठतात, तुम्ही एकाचं भलं बघता. ज्याला अजून काहीच मिळालेलं नाही तो हे म्हणतो तेव्हा मी गप्प बसतो. पण सरकार म्हणतं तेव्हा नाही. एक तर सगळ्यांना सारखी खुर्ची लागत नाही, ज्या आजोबांना फक्त दवाखान्यापर्यंत जायचंय आणि ज्यांना टोचलेलं कळतं त्यांना साधी खुर्ची चालेल, ज्याला कळत नाही त्याची रांग वेगळी काढा, ती रांग फार मोठी नसते. दुसरं म्हणजे एका फ्लॅपच्या ऑपरेशनच्या खर्चात किती फोम कुशन होतात याचा हिशेब करून बघा, ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं तरी पैसा कुणाचा तरी जातोच, आणि घरातलं एक माणूस तीन महिने कामावर जात नाही ते कुठल्याच फायलीत येत नाही. आणि तिसरं, हे श्रीमंत देशांचे लाड आहेत म्हणणाऱ्यांनी बघावं की जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये जी व्हीलचेअरची मार्गदर्शक तत्त्वं काढली ती खास कमी साधनं असलेल्या देशांसाठीच होती, आणि त्यात खुर्ची देणं ही आठ पायऱ्यांतली मधली पायरी आहे, आधी तपासणी आणि मापं, नंतर बसवून बघणं, वापरायला शिकवणं, पुढं दुरुस्ती आणि फेरतपासणी. २०१६ ला त्यांनी अत्यावश्यक ५० साहित्यांची यादी केली त्यात दाब कमी करणारं कुशन खुर्चीपासून वेगळं, स्वतःच्या नावानं आहे. दिव्यांगांना साहित्य द्यायची आपली केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे, तिच्या उद्देशातच शास्त्रशुद्ध पद्धतीनं बनवलेलं टिकाऊ साहित्य असे शब्द आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये साहित्य-साधनं देण्याची तरतूद आहे. शब्द सगळे आहेत.

मापाची खुर्ची आपल्याकडं बनत नाही असंही आता राहिलेलं नाही. आयआयटी मद्रासमधून निओफ्लाय २०२० ला बाहेर आली, ती माणसाच्या मापानं बनवतात आणि सुरुवातीला किंमत चाळीस हजाराच्या आसपास ठेवली होती. गरिबाला ती जास्तच आहे, पण बाहेरून येणाऱ्या तशा खुर्च्यांपुढं कितीतरी कमी, आणि मुख्य म्हणजे भारतात हे होऊ शकतं हे त्यातून दिसलं. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. पुण्यात खडकीला जखमी जवानांसाठीचं पॅराप्लेजिक केंद्र १९७४ पासून आहे. पण जवानाला खडकी आहे, आणि नारळावरून पडलेल्या कोकणातल्या माणसाला, विहिरीचं काम करताना खाली गेलेल्या मजुराला, दहीहंडीच्या थरातून कोसळलेल्या पोराला काय आहे? तो ऑपरेशन होऊन घरी येतो आणि मग सगळं आईवर.

महाराष्ट्रानं डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला, त्याचं मला खरंच कौतुक वाटलं होतं. आणि आपल्याकडं ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा नियम आहे. बहुतेक ठिकाणी तो वर्षाअखेरीला थोडे थोडे पैसे वाटून किंवा वस्तू वाटून संपवतात. याच पैशातून तालुक्याला एक माणूस मापं घ्यायला शिकवता येतो, एका सीटवाल्याला काम देता येतं, दर सहा महिन्यांनी कुशन तपासायचा एक दिवस ठेवता येतो, जिल्हा पुनर्वसन केंद्रातल्या फिजिओला त्या दिवसाचं गाडीभाडं देता येतं. शिबिराच्या फॉर्मवर आधार नंबर, दिव्यांग ओळखपत्राचा यूडीआयडी नंबर, उत्पन्नाचा दाखला यासाठी रकाने आहेत, कमरेच्या रुंदीचा रकाना नाही. खरेदीच्या टेंडरमध्ये १४, १६, १८, २० इंची अशा मापांत खुर्च्या मागवायला आणि मणक्याच्या पेशंटला कुशनशिवाय खुर्ची हातात द्यायची नाही एवढी ओळ टाकायला नवीन कायदा लागत नाही, जीआर पुरतो. आणि तो काढताना आमच्यातलं कुणीतरी टेबलाशी असू दे, कारण कागदावर सगळ्या खुर्च्या सारख्याच दिसतात.

आमच्या बाजूनंही एक सांगायला पाहिजे, कुशन मिळालं म्हणून काम संपत नाही. दर अर्ध्या तासानं भार काढावा लागतो, आणि दोन हातांवर अंग उचलून पाच सेकंदात परत बसलं तर फार उपयोग होत नाही, रक्त परत भरायला जवळपास दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ हातावर उचलून कुणी राहू शकत नाही आणि खांदेही जातात, त्यापेक्षा पुढं टेबलावर किंवा स्वतःच्या मांड्यांवर छाती टेकवून वाकायचं, नाहीतर एकेका बाजूला पुरतं कलायचं. रोज रात्री आरशात किंवा मोबाइलचा फोटो काढून बघायचं. मी मोबाइलला गजर लावलाय, मुलगी आता सातवीत आहे, गजर झाला आणि मी नुसता बंद केला तर ती लगेच ओरडते, बाबा, वाका.

यंदाचं शिबिर पुढच्या महिन्यात आहे. गेल्या वर्षी मी टेप घेऊन गेलो तेव्हा मला मांडवाच्या बाहेर एका कोपऱ्यात बसायला सांगितलं होतं, तरी सात जणांची मापं घेतली, त्यातल्या तिघांना १८ च्या जागी १६ ची खुर्ची तिथल्या तिथं बदलून मिळाली कारण टेम्पोत खाली दोन-चार १६ च्या पडलेल्याच होत्या, कुणी विचारलंच नव्हतं. यावेळी नाव पुकारायच्या टेबलाशेजारी जागा द्या असा अर्ज पंचायत समितीला देऊन आलोय. माझ्यासोबत एक ताई येणार आहेत बायकांची मापं घ्यायला, आणि आमचा सीटवाला फोमचे तुकडे घेऊन.